कमळमावशीची बोली

जान्हवी आठ महिन्यांची झाली आणि श्रुतिकाची रजा संपली. मालाडला एका विमा कंपनीत ती नोकरीला होती. सकाळी नऊला मुलीला बोरीवलीत बाभईच्या पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी साडेसहाला उचलायचं, असा दिवस ठरून गेला. पाळणाघर एका जुन्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, दोन फ्लॅट एकत्र करून केलेलं. चालवायच्या रुचिरा मॅडम. त्यांचा बालशिक्षणाचा डिप्लोमा आत शिरल्याशिरल्या भिंतीवर दिसायचा. पण मुलं खरी असायची कमळमावशींच्या ताब्यात.

कमळमावशी पंचावन्नच्या पुढच्या. मालवणाजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन मुंबईत आलेल्या, दोन मुलगे वाढवून मोकळ्या झालेल्या. त्यांच्या खोलीत अडीच वर्षांखालची आठ पोरं असायची आणि मावशींचं तोंड दिवसभर सुरू असायचं. पोराचा लंगोट बदलायचा असो की तोंड पुसायचं, काय करणार ते आधी त्याला सांगितल्याशिवाय त्या हात लावत नसत. "आता पाणी लावतंय हां, गार लागतला," म्हणायच्या आणि मग क्षणभर थांबायच्या. समोरचं पोर जेमतेम वर्षाचं, तरी ते आता काही बोलणार आहे अशा थाटात. पोर 'अँ' म्हणालं की मावशी लगेच, "होय तर! गार तर गारच!"

श्रुतिका सुरुवातीला दारात उभी राहून हे पाहायची आणि तिला बरं वाटायचं. पहिल्या महिन्यात जान्हवी सोडताना रडायची. मावशी तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी जायच्या, खालच्या कुत्र्याबद्दल काहीतरी सांगत राहायच्या. तीन आठवड्यांनी जान्हवी स्वतःच मावशींकडे झेपावायला लागली. तेव्हा श्रुतिकाला जरा टोचलं, पण ऑफिसात डोकं ठिकाणावर राहायला लागलं तेही खरं.

चौदाव्या महिन्यात जान्हवी बोलायला लागली. पहिला शब्द 'हय'. इथे, या अर्थाचा. चेंडू दाखवून 'हय', दिवा दाखवून 'हय'. मग 'खय' आला, म्हणजे कुठे. तोंडावरून दुपट्टा घ्यायचा, 'खय?' म्हणायचं आणि दुपट्टा ओढून खदाखदा हसायचं. हा खेळ तिने पाळणाघरातल्या अकरा महिन्यांच्या सम्यकलाही शिकवला होता. सम्यकला शब्द येत नव्हता, पण दुपट्टा कधी ओढायचा ते बरोबर कळायचं. दीड वर्षाची होईतो पंधरा-वीस शब्द झाले आणि एके दिवशी दोन शब्द जोडून पहिलं वाक्य आलं, "माका व्हया."

मला हवं. श्रुतिकाला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचे वडील भिकाजी परब आयुष्यभर परळच्या गिरणीत राबले आणि आयुष्यभर याच बोलीत बोलले. श्रुतिकाच्या घरात चहा मागायचा तो याच शब्दांत, आणि भांडायचं तेही. ती सहावीत असताना शाळेच्या पालकसभेला वडील आले होते. बाईंना त्यांनी विचारलं, "चेडू अभ्यास करता मा?" मागच्या बाकावरच्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. चेडू म्हणजे मुलगी, पण पुढचा आठवडाभर वर्गात तिला 'चेडू' म्हणूनच हाक मारत होत्या. घरी येऊन ती वडिलांना म्हणाली, "पुढच्या वेळी आईला पाठवा." भिकाजी "बरा" म्हणाले आणि पुन्हा कधी शाळेत आले नाहीत. त्यानंतर श्रुतिकाने बोली टाकून दिली. वडील आपल्या भाषेत विचारत, ती पुस्तकातल्या मराठीत उत्तर देई. नवऱ्याच्या घरी तर तिच्या तोंडून तो हेल कधी कुणी ऐकलाच नव्हता.

नवरा हर्षद मुलुंडचा. त्याची आई माधुरी मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. जीव लावणाऱ्या, पण 'आणि'चा 'आनि' झाला की भुवई उंचावणाऱ्या. त्यांच्या एकसष्टीला मुलुंडच्या घरी पंचवीस-तीस माणसं जमली होती. कुणीतरी जान्हवीला पेढा दाखवला. म्हणालं, "माग बघू, काय म्हणायचं?" जान्हवी दोन्ही हात पसरून, मोठ्या आवाजात म्हणाली, "माका व्हया!"

सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, श्रुतिकाला नंतर ते पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागलं. कुणी म्हणालं, "वा, झकास!" माधुरीताई हसत हसत म्हणाल्या, "अगं बाई, ही तर अस्सल मालवणी झाली! कुठून आणलं गं हे? आजोळहून का?"

एवढंच. 'हो, आजोळहून' म्हटलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा मान वळवून पाहिलंही नसतं. पण श्रुतिकाचे कान तापले आणि ती घाईघाईने म्हणाली, "छे हो आई, पाळणाघरात एक बाई आहे ना, तिचं ऐकून. मी बोलणारच आहे तिथे. मुलांच्या कानावर काय पडतं, याकडे कुणाचं लक्षच नसतं."

हर्षदने तिच्याकडे पाहिलं. परतताना गाडीत तो म्हणाला, "आई गंमत करत होती गं. आणि तुझे बाबा पण तसंच बोलतात ना?"

"म्हणूनच," श्रुतिका म्हणाली. आणि बोरीवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

सोमवारी तिने खरंच बोलून टाकलं. बोललं नसतं तरी चाललं असतं, मुलुंडला कोण विचारायला येणार होतं? पण शब्द तोंडातून गेला होता आणि तो खरा करून दाखवला नाही तर आपण खोटे पडतो, असं काहीतरी तिला वाटलं. रुचिरा मॅडमना ती म्हणाली, "भाषेचा पाया याच वयात पडतो ना? पुढे शाळेत जड जातं."

रुचिरा मॅडमनी मान डोलावली. "खरंय तुमचं. आणखी एक-दोन पालकही म्हणाले होते." आणि श्रुतिका तिथे उभी असतानाच त्यांनी हाक मारली, "मावशी, जरा या हो."

कमळमावशी ओले हात पदराला पुसत आल्या.

"मावशी, उद्यापासून मुलांशी नीट मराठीत बोला. नाही जमलं तर कमी बोला, काही हरकत नाही. टीव्हीवर राइम्स लावत जा. इंग्लिश पण कानावर पडेल."

मावशींनी श्रुतिकाकडे पाहिलं. "ताई, माझं काही चुकलं का?"

श्रुतिकाने मोबाइल काढला. काही आलेलं नव्हतं, तरी ती त्याच्यात पाहत म्हणाली, "तसं नाही मावशी. पुढे शाळेत मुलांना त्रास होतो, एवढंच."

"हो, ते पण आहे," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचा चेहरा पडला की नाही ते श्रुतिकाने पाहिलं नाही. पाहायला नको म्हणूनच ती मोबाइलमध्ये पाहत होती.

त्या दिवसापासून पाळणाघराच्या ॲपवर मुलांचे फोटो जास्त छान यायला लागले. आठ पोरं टीव्हीसमोर रांगेत बसलेली, टीव्हीत रंगीत बदकं. घरी श्रुतिकाने आपला वाटा उचलला. जान्हवी 'माका' म्हणाली की ती लगेच म्हणायची, "माका नाही सोनू, मला. म्हण, मला हवं." जान्हवी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. 'खय' म्हणाली की, "खय नाही, कुठे." चार-आठ दिवसांत जान्हवीने मागायची दुसरी रीत शोधली. आईचं बोट धरायची, फ्रिजपाशी न्यायची, बोटानं दाखवायची. शब्द नाही. श्रुतिकाला वाटलं, संपलं एकदाचं, आता नवे शब्द येतील.

दीड महिना गेला. नवे शब्द आले नाहीत. जे होते त्यांतले बरेचसे दिसेनासे झाले. दर रविवारी भिकाजी गावाहून व्हिडिओ कॉल करायचे. पूर्वी जान्हवी त्यांना पाहून 'खय?' करून मोबाइलवर हात ठेवायची आणि म्हातारा तिकडे टाळ्या पिटायचा. आता ती स्क्रीनकडे बघून खाली उतरायची.

"चेडवाक बरा नाय काय गो?" भिकाजींनी विचारलं. "बोलत नाय ती."

"नेटवर्क खराब आहे बाबा, तिला ऐकू येत नाहीये," श्रुतिका म्हणाली. नेटवर्क उत्तम होतं. वडिलांच्या मागे पडवीत वाळत घातलेल्या पंच्याचा काठसुद्धा तिला स्पष्ट दिसत होता.

दोन वर्षं पूर्ण झाल्यावर लस आणि तपासणीसाठी ती जान्हवीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर अनिरुद्ध म्हणून होते, शांत माणूस. त्यांनी वजन केलं, उंची घेतली, जान्हवीला एक पेन दिलं. मग विचारलं, "किती शब्द बोलते? साधारण?"

"चाळीसेक," श्रुतिका म्हणाली.

"वा. दोन शब्द जोडते?"

"हो. म्हणजे... जोडायची."

डॉक्टरांनी मान वर केली. "जोडायची?"

चाळीस खोटेच होते. दहा तरी असतील का, याची तिला खात्री नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "चाळीस नाहीत डॉक्टर. आधी होते थोडे. हल्ली बोलत नाही."

डॉक्टरांनी कानांची तपासणी लिहून दिली, आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. जान्हवी नावाने हाक मारली की बघत होती, सांगितलेलं सगळं करत होती, पेनाचं टोपण काढून परत लावत होती. मग डॉक्टर म्हणाले, "कान तपासून घेऊच. दीड महिन्याने पुन्हा आणा, तेव्हाही गप्पच असेल तर पुढचं बघू. पण मला सांगा, दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

"पाळणाघरात असते. तिथे राइम्स लावतात."

"टीव्ही हिच्याशी बोलत नाही हो. तो त्याचं त्याचं बोलतो. ही 'बा' म्हणाली तर तो थांबून 'काय गं?' विचारतो का? लहान मुलाला असं थांबणारं माणूस लागतं. आठ मुलांत एकच असलं तरी चालतं. पण हवं."

"कुठल्या भाषेत?" श्रुतिकाने विचारलं. कशाला विचारलं ते तिलाच कळेना.

"त्या माणसाला जी मनापासून येते तिच्यात," डॉक्टर म्हणाले. "मुलं दोन काय, तीन भाषा पेलतात. गप्प माणूस मात्र त्यांना पेलत नाही."

कान चांगले निघाले. त्या गुरुवारी श्रुतिकाने अर्धा दिवस रजा टाकली आणि न कळवता दुपारी चारला पाळणाघरात गेली. रुचिरा मॅडम बँकेत गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीतून आतलं सगळं दिसत होतं.

टीव्ही चालू होता. कमळमावशी जमिनीवर बसून मुलांना खिचडी भरवत होत्या. एक घास सम्यकला, एक जान्हवीला, एक पलीकडच्या पोराला. घास झाला की तोंड पुसायचं. हात स्वच्छ, मुलं स्वच्छ, कुणी रडत नव्हतं. मावशींचे ओठ मिटलेले होते. सम्यकने वाटीत हात घातला आणि वर बघून 'आं?' केलं. मावशींनी त्याचा हात काढला, पुसला. तोंड उघडलं, मग दाराकडे, मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. जान्हवी टीव्हीकडे पाहत नव्हती. ती मावशींच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत होती, वाट पाहत असल्यासारखी.

श्रुतिकाला आत जाता येईना. ती आल्या पावली मागे फिरली, खाली उतरली आणि सोसायटीच्या फाटकाशी दोन-अडीच तास उभी राहिली. वॉचमनने खुर्ची दिली ती तिने घेतली नाही. साडेसहाला वर जाऊन, आत्ताच ऑफिसातून आल्यासारखं दाखवून तिने मुलीला घेतलं. "बाय म्हण मावशीला," ती म्हणाली. जान्हवीने हात हलवला. मावशींनीही हात हलवला.

सांगायला हवं हे तिला त्याच दिवशी कळलं, पण सांगायला तिने पुढचे पाच दिवस लावले. रोज सकाळी ठरवायची आणि दारात गेली की, आज मॅडम घाईत आहेत, आज मावशींकडे दोन पोरं आहेत, असं काहीतरी निघायचं. मंगळवारी अखेर तिने रुचिरा मॅडमना गाठलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तक्रार मीच चुकीची केली होती, मावशी पूर्वी बोलायच्या तशाच बोलू देत, हेही सांगितलं.

रुचिरा मॅडम जरा वैतागल्याच. "अहो, तुम्हीच सांगितलंत म्हणून तर. बाकीच्यांना राइम्स आवडल्यात."

"राइम्स असू द्या. पण मावशींना बोलू द्या. हवं तर मी सगळ्या पालकांना सांगते, मेसेज मीच टाकते."

"बघते," मॅडम म्हणाल्या. मग थोडं थांबून, "खरं सांगू? मलाही जाणवत होतं. खोली फार शांत झाली होती. मला वाटलं, शिस्त आली."

मावशी स्वयंपाकघराच्या ओट्याशी दुधाच्या बाटल्या उकळत होत्या. श्रुतिका त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने ठरवून ठेवलं होतं की हे आपल्या बोलीतच म्हणायचं. पंचवीस वर्षांत त्या शब्दांना तिने हात लावला नव्हता. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"मावशी, माझा चुकला. मी पण थयलीच. माझे बाबा कणकवलीकडचे."

मावशींनी गॅस बारीक केला. वळल्या. श्रुतिकाला वाटलं होतं त्या हसतील, निदान 'अगो बाय' तरी म्हणतील. पण त्या बोलल्या एकेक शब्द जपून, शाळेत धडा म्हणावा तशा मराठीत.

"मॅडम, त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. पण मी मनाला समजावलं. म्हटलं, या शिकलेल्या बायका, यांना आपली भाषा कळत नाही, कानाला टोचत असेल. त्यांचा काय दोष?" त्यांनी चिमट्याने एक बाटली बाहेर काढली, फडक्यावर उपडी ठेवली. "तुम्हाला कळत होती होय?"

"हो," श्रुतिका म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

मावशींनी दुसरी बाटली काढली. तिसरी काढली. आतून सम्यकचं रडणं ऐकू आलं तशा त्या हात पुसत निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "पोरांशी बोलेन मी. त्यांचं काही चुकलं नाही." श्रुतिकाचं पुढचं वाक्य तयार होतं. ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी तिने पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. लिहिताना तीनदा खोडलं. शेवटी साधं लिहिलं, की मी कमळमावशींच्या बोलीबद्दल तक्रार केली होती, ती माझीही बोली आहे, मला लाज वाटली म्हणून केली, चूक माझी होती. दोघातिघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकीने विचारलं, "उद्या लंगोट जास्त द्यायचे आहेत का?" बाकी कुणी काही म्हटलं नाही. हर्षदने मेसेज वाचला आणि विचारलं, "आईला पण सांगणार?" रविवारी तिने मुलुंडला फोन करून सासूबाईंनाही सांगितलं. माधुरीताई म्हणाल्या, "अगं, मी सहज विचारलं होतं. माझ्या हसण्याची एवढी भीती वाटते होय तुला?" यावरही श्रुतिकाला 'हो' म्हणावं लागलं.

पाळणाघरात टीव्ही सकाळचा अर्धा तास राहिला. जान्हवी लगेच बोलली नाही. दोन आठवडे नुसती ऐकत राहिली. मग रुचिरा मॅडमनी एके दुपारी श्रुतिकाला ऑफिसात फोन करून सांगितलं की आज सम्यक पडला आणि जान्हवी त्याच्याजवळ जाऊन "काय झाला?" म्हणाली, दोनदा. श्रुतिका फोन धरून जिन्यात गेली आणि तिथे उभी राहून रडली. डॉक्टरांकडे पुन्हा गेली तेव्हा तिने शब्द मोजले नाहीत. जान्हवीनेच टेबलावरचं पेन उचलून विचारलं, "ह्या काय?"

आता घरी श्रुतिका मुलीचा शब्द दुरुस्त करत नाही. रविवारी वडिलांशी बोलताना अधूनमधून एखादं वाक्य त्यांच्यासारखं म्हणून बघते. बरेचदा चुकतं. भिकाजी चूक काढत नाहीत, पण एकदा त्यांनी विचारलं, "आता कशाक गो?" तिने मोबाइल जान्हवीच्या हातात दिला.

कमळमावशी तिच्याशी वाईट वागत नाहीत. मुलीचं खाणं, झोप, शी, सगळं नीट सांगतात. फक्त आधी 'ताई' म्हणायच्या, आता 'मॅडम' म्हणतात. आणि श्रुतिका दारात दिसली की त्यांचं मुलांशी चाललेलं बोलणं जिथल्या तिथे थांबतं, मग पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा तिला वाटलं योगायोग असेल. पाच-सहा वेळा झाल्यावर ती समजून गेली.

म्हणून ती संध्याकाळी सव्वासहालाच येते आणि पहिल्या मजल्याच्या आधीच्या वळणावर, जिन्यात थांबते. वरून मावशींचा आवाज येतो, कुणाचा तरी बूट सापडत नाहीये आणि सगळी पोरं तो शोधतायत. मधूनच जान्हवी काहीतरी सांगते, मावशी "होय गो, होय" म्हणतात. श्रुतिका भिंतीला टेकून ऐकते. बूट सापडेपर्यंत ती वर जात नाही.